धुळ्याच्या उन्हात घरी आर-टू-डी-टू बांधताना : आधी रंग ठरव, मग प्लाय काप

प्रश्न थोडक्यात असा : चाळीसगावचा एक भाऊ, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, घरी फुल साइझ आर-टू-डी-टू, म्हणजे स्टार वॉर्स पिक्चरमधला तो गोल डोक्याचा रोबोट, करतोय. एमडीएफची (लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या पाटीची) बॉडी उभी केली, तिला ऑइल पेंटचे दोन हात दिले, दोन दिवसांनी वरून स्प्रे कॅन मारला आणि सगळा रंग भाजलेल्या वांग्याच्या सालासारखा सुरकुतला. आता विचारतोय की चांगल्या कंपनीचा स्प्रे कोणता, डोम, म्हणजे गोल डोकं, कशाचा करू, आणि त्यावरच्या पॅनलचा तो निळा नेमका कोणता.

भाऊ, मी धुळ्यात वीस-बावीस वर्षं गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतोय, हायवेला गॅरेज आहे, ट्रकची केबिन ते बुलेटची टाकी सगळं रंगवलंय. हे रोबोटचं खूळ पुतण्याच्या शाळेच्या गॅदरिंगमुळे लागलं आणि आत्तापर्यंत दोन पूर्ण केलेत, एक बिघडवलाय. बिघडवलेल्यानेच जास्त शिकवलं. तर तुझा स्प्रे खराब नाही. तुझा क्रम उलटा आहे. लोक आधी बॉडी बनवतात आणि मग रंगाच्या दुकानात जातात, मी म्हणतो रंग आधी ठरव, कारण वर कुठला रंग बसणार यावरून खाली काय चालेल ते ठरतं.

सुरकुत्यांचं कारण साधं आहे. ऑइल पेंट म्हणजे इनॅमल, ते थिनर उडून नुसतं वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन आतून हळूहळू पक्कं होतं, हाताला दोन दिवसांत कोरडं लागलं तरी आतलं काम बरेच दिवस चालू असतं. त्यावर तू तेज थिनरवाला स्प्रे मारलास, थिनर खाली झिरपला, अर्धं कच्चं इनॅमल फुगलं आणि उचललं गेलं. म्हणून आमच्याकडे पोराला पहिल्या दिवशी सांगतात, एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकर) किंवा पीयूच्या (पॉलियुरेथेन, हार्डनर घालून मारायचा रंग) खाली ऑइल पेंट कधीच नाही. उलटं चालतं, लॅकर खाली पक्कं वाळलेलं असेल तर वर इनॅमल बसतं. आता तो सगळा थर खरवडावाच लागेल, हीट गन आणि पत्री घे, वरून पुट्टी भरून झाकायला जाऊ नको, खालचं कच्चं पुन्हा उचलेल.

आणि एमडीएफच्या कापलेल्या कडा ब्लॉटिंग पेपरसारख्या आहेत, प्रायमर पितच राहतात आणि फुगतात. फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून कडांना दोन हात दे, वाळलं की १८० नंबरचा पॉलिश पेपर मार, मग प्रायमर. सँडिंग सीलर असेल तर अजून चांगलं. पण मला विचारशील तर एमडीएफ फक्त टेम्प्लेटला वापर, बॉडीला नको. जड होतो आणि पावसाळ्यात ओल धरतो.

आता मापं. हा रोबोट १९७७ च्या स्टार वॉर्समधला, उंची साधारण १०९ सेमी, म्हणजे पाचवी-सहावीतल्या पोराच्या खांद्या-मानेपर्यंत येतो. त्या पिक्चरमध्ये बऱ्याच सीनला आत केनी बेकर नावाचा कलाकार बसायचा, त्याची उंची ११२ सेमी होती, त्यावरून आत जागा किती असेल बघ. दोन पायांवर उभा असला की आत माणूस, तीन पायांवर चालला की रिमोटवाला, असा जुगाड हॉलिवूडने केला होता, त्यामुळे तुझा रोबोट दोनचे तीन पाय आपोआप करत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नको. बॉडीचा व्यास साधारण ४६ सेमी, डोमपण तेवढाच. जगभर हौशी लोकांचा बिल्डर्स क्लब १९९९ पासून आहे, त्यांची ड्रॉइंग बघून काम केलंस तर अंदाजपंचे काही राहत नाही.

बॉडीसाठी मला पहिल्यांदा दोन शहाणपणाच्या आयडिया सुचल्या, दोन्ही फसल्या, त्या सांगतो म्हणजे तुझे पैसे वाचतील. पहिली, निळा प्लास्टिकचा ड्रम. २०० लिटरचा ड्रम जवळपास ५८ सेमी व्यासाचा असतो, रोबोट एकदम ढेरपोट्या दिसतो, आणि ड्रम एचडीपीई नावाच्या प्लास्टिकचा, त्यावर रंग बसतच नाही, नखाने ओढला की कांद्याच्या पापुद्र्यासारखा निघतो. दुसरी आयडिया पीव्हीसी पाइपची. जळगाव म्हणजे पाइपांचं गाव, ४५० मिमीचा तुकडा भंगारात मिळाला, व्यास अगदी जवळचा, मी खुश. मग हिशोब केला, भिंत १० मिमी धरली तरी मीटरला १९-२० किलो वजन. तेही चाललं असतं, पण दरवाज्यांसाठी उभी खाच कापली आणि पाइप हळूच आकसून बंद झाला, ग्राइंडरचं पातं आत अडकलं. पाइप बनतानाच त्यात ताण कोंडलेला असतो, कापला की मोकळा होतो. गोल राहिलाच नाही. आता तो तुकडा वावरात पाण्याच्या हौदाजवळ पडलाय.

जमलं ते असं. १२ मिमी प्लायच्या चार रिंगा, मधे उभ्या पट्ट्या, झाला सांगाडा. त्यावर सनबोर्डची, म्हणजे पीव्हीसी फोम शीटची, दोन कातडी. आतलं ३ मिमी अख्खं, बाहेरचं ३ मिमी ज्यात सगळे दरवाजे-पट्ट्या कापलेल्या. बाहेरच्या कातड्यात दरवाज्याच्या भोवती जी फट राहते तीच तुझी पॅनल लाइन, पेनने रेघ मारायची गरज नाही, सावली खरी पडते. ८ बाय ४ ची शीट २४४ सेमी लांब, आणि ४६ सेमीच्या गोलाला वेढा लागतो साधारण १४५ सेमी, म्हणजे जोड एकच येतो, तो मागच्या बाजूला ने. एक चूक सगळे करतात : दोन्ही कातडी एकाच लांबीची कापतात. बाहेरचं कातडं आतल्याच्या वर बसतं, वेढा जवळपास १९ मिमी जास्त लागतो, तेवढी फट मागे दिसली की रडू येतं. आधी कागदाची पट्टी गुंडाळून माप घे, गणितावर विश्वास ठेवू नको, प्लायची रिंग कधीच गणिताइतकी गोल नसते.

पायांबद्दल जास्त लिहित नाही, १८ मिमी प्लायचा खोका, वर सनबोर्ड, खांद्यात १२ मिमीचा बोल्ट आणि दोन्ही बाजूला मोठे वॉशर. वजन पायाच्या बुडात ठेव, बॅटरी तिथेच.

आता डोम. ह्यावर घरोघरी डोकं खाजवतात. मी टेप घेऊन भांड्यांच्या बाजारात गेलो, कढया उलट्या करून मोजत बसलो, दुकानदार विचारतो पंगत किती माणसांची. कुठलंच भांडं गोलाचा आकार धरत नाही, बूड चपटं असतं. मग घरी नजर गेली आईच्या खापरावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणपोळी तव्यावर नाही, उलट्या मातीच्या खापरावर करतात, चांगली हातभर पसरते. मला वाटलं हाच डोम, वर फायबर टाकू. आईने मेणाचा डबा हातात बघितला आणि ओरडली, "ते मन्हं खापर शे, रोबोटनं डोकं नही!" तसंही खापर जास्त उथळ असतं, माप जुळलं नसतं, पण वाचलं ते बरं झालं.

शेवटी जुनी पद्धत, गणपतीचे-कमानीचे कारागीर करतात तशी, फिरवता फर्मा. पाटावर मधोमध उभा पाइप ठोक, डोमच्या अर्ध्या बाजूचा आकार प्लायमध्ये कापून तो पाइपभोवती फिरेल असा बसव, खाली थर्माकोल आणि जाळीचा ढीग कर, वरून पीओपी ओतत फर्मा फिरवत राहा. दहा-बारा फेऱ्यांत इतका गोल येतो की हात फिरवत बसशील. फर्मा डोमच्या मापाचा कापू नको, चौफेर ४ मिमी लहान काप, कारण वर फायबर आणि पुट्टी चढणार आहे. पीओपी पूर्ण सुकू दे, दोन-तीन हात लॅकर मार, मग मेणाचं पॉलिश, मग फायबरची मॅट आणि रेझिन. थर्माकोल कुठे उघडा राहिला तर पॉलिएस्टर रेझिन त्याला खाऊन टाकेल, खड्डा पडेल. आणि फायबर वाळताना आकसतं, आतल्या पीओपीला घट्ट मिठी मारतं, सहज निघत नाही. एकच डोम करायचाय ना, मग आतला पीओपी हातोडीने फोडून काढ, हळहळू नको.

रेझिनचं दोन गोष्टींत ऐक. कोबाल्ट (रेझिन लवकर पक्कं करणारं) आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत, आग लागते, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळ, मग हार्डनर. बरेचदा रेझिन कोबाल्ट घातलेलंच मिळतं, दुकानात विचारून घे. दुसरं, डब्यावर हार्डनर एक ते दोन टक्के लिहिलेलं असतं, आपल्याकडे मे महिन्यात ४३-४४ डिग्रीला एक टक्कापण पळतो. मी एकदा अर्धा किलो एकदम कालवलं, ब्रश बुडवेपर्यंत मगच्यात जेली, मग धूर, मग मगच वितळला. शंभर-दीडशे ग्रॅमच कालव, सकाळी सहाला. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल, फायबर घासलेल्या दिवशी थंड पाण्याने अंगोळ कर, गरम पाण्याने खाज वाढते असा माझा अनुभव.

थ्रीडी प्रिंटर मित्राकडे असेल तर डोळा, होलोप्रोजेक्टर (डोमवरचे प्रोजेक्टरसारखे छोटे गोल) असले छोटे भाग प्रिंट करून घे, पण पीएलए नावाच्या प्लास्टिकमध्ये नको. पीएलए ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, आणि धुळ्यात मे महिन्यात बंद गाडीच्या काचेमागे तेवढं सहज होतं. माझ्या पहिल्या रोबोटचा डोळा शाळेत जाईपर्यंत लोंबला, पोरं म्हणाली ह्याला झोप आली. पीईटीजी घे, एबीएस अजून चांगलं.

आता खरं काम, जे सगळे एका संध्याकाळी उरकायला बघतात. पुट्टी. डोमला हार्डनरवाली बॉडी पुट्टीच पाहिजे, ८० नंबरने आकार, मग १२०, २२०. ट्यूबमधली एनसी पुट्टी फक्त टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांना. ती जाड लावली तर आठ दिवस खाली बसत राहते, आणि तुझा रंग झाल्यावर सगळे ओरखडे वर दिसायला लागतात, मग रंगाला दोष देतात. त्यावर प्रायमर सरफेसर दोन-तीन हात, आणि वाळल्यावर लांबून काळ्या स्प्रेचा फुसका उडव, नुसते ठिपके. आता ४०० चा वॉटर पेपर रबर ब्लॉकवर घेऊन घास. जिथे काळं राहिलं तिथे खड्डा, जिथे पुट्टी उघडी पडली तिथे उंचवटा. डोळ्याला जे दिसत नाही ते काळं दाखवतं. मी डोमला हे चार वेळा केलं, शेजारी म्हणायचे पुन्हा काळा का केला रे. डोम गोल आणि चकचकीत असतो, त्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ न जाता नागासारखं वळलं की रोबोट खोटा वाटतो, मग आत कितीही एलईडी लाव.

रंग मारायची वेळ हवेवरून ठरव. उन्हाळ्यात दुपारी मारलास तर गनमधून निघालेला रंग पृष्ठभागावर पोचायच्या आधीच अर्धा वाळतो, हाताला पॉलिश पेपरसारखं लागतं. पहाटे साडेपाच-सहा ते आठ, वारा सुटायच्या आधी, अंगणात पाणी शिंपडून. पावसाळ्यात उलटं, सकाळी नको, दुपारी उघडीप बघून. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं, आणि एनसी रंग दुधासारखा पांढरट पडतो. काळ्यावर, निळ्यावर लगेच दिसतं. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोड. आणि संध्याकाळी बल्ब लावून पांढरा मारू नको, चिलटं येऊन बसतात, बसलंच तर ओल्यात बोट घालू नको, वाळल्यावर घासून काढ.

मास्किंगला वर्तमानपत्र सगळे वापरतात, पण पांढऱ्या रंगावर थिनरने शाई उतरते. माझ्या दुसऱ्या रोबोटच्या पायावर दोन महिने कापसाचे भाव वाचता येत होते. खाकी कागद घे. टेप उन्हात ठेवू नको, गोंद मागे राहतो.

आता पांढरा. दुकानात सुपर व्हाइट देतात, तो मारलास तर घरात वॉशिंग मशीन आणल्यासारखं दिसेल. त्यात पिवळ्याचे आणि काळ्याचे अगदी दोन-दोन थेंब टाकून किंचित मळका कर, आणि वरचं क्लिअर, म्हणजे शेवटचा पारदर्शक थर, चकचकीत नको, सॅटिन घे.

निळ्यावर तर लोकांनी वर्षं घालवली आहेत. पडद्यावर तो कधी गडद निळा, कधी जांभळट दिसतो, आणि अंतराळातल्या शॉटमध्ये चक्क काळा, कारण मागे निळा पडदा लावून शूटिंग व्हायचं आणि निळे पॅनल त्या पडद्याबरोबरच गायब झाले असते. त्यामुळे मोबाइलवर स्क्रीनशॉट घेऊन दुकानात गेलास तर प्रत्येक स्क्रीनशॉटचा वेगळा निळा मिळेल. तो रंग साधा निळा नाहीच, चकाकणाऱ्या धातूवर पारदर्शक निळा आहे, म्हणून उजेड बदलला की तो बदलतो. आपण असं करायचं : अख्खा डोम बारीक दाण्याच्या सिल्व्हर बेसकोटने, वर पीयू क्लिअर, पक्कं वाळलं की १००० च्या वॉटर पेपरने हलकं मारून पॅनल सोडून बाकी मास्क कर, मग क्लिअरमध्ये पारदर्शक निळा टिंटर मिसळून पातळ-पातळ हात, शेवटी पुन्हा क्लिअर. ह्यात प्रत्येक हाताला रंग गडद होत जातो, म्हणून हात जिथे दोनदा पडला तिथे पट्टा दिसतो. सगळ्या पॅनलना मोजून सारखेच हात दे, आणि सगळे एकाच दिवशी. आधी सनबोर्डच्या तीन तुकड्यांवर तीन, चार, पाच हात मारून बघ, उन्हातही आणि ट्यूबखालीही, मग ठरव. हे झेपणार नसेल तर गाड्यांचा मेटॅलिक निळा घे, लाज वाटायचं काही नाही, दहापैकी नऊ जणांना फरक कळत नाही. क्रोम स्प्रे मात्र नको, मारल्या दिवशी आरसा, बोट लागलं की राखाडी, क्लिअर मारलं तर त्याच दिवशी राखाडी.

पीयूबद्दल एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नको. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, कार्ट्रिजवाला मास्कच लागतो, आणि बंद खोलीत तर नाहीच नाही. आमच्या धंद्यात दमा झालेली माणसं बघितली आहेत मी. मास्क परवडत नसेल तर रंगवायचं काम गॅरेजवाल्याला दे, त्याच्या रिकाम्या वेळात तो परवडेल अशा पैशात करून देतो, तू घासून तयार करून ने म्हणजे झालं.

शेवटी मळवणं, मला सगळ्यात आवडतं ते. पिक्चरचं वाळवंटातलं शूटिंग १९७६ साली ट्युनिशियात झालं, रोबोट खरोखर धुळीत फिरले. काळा आणि तपकिरी पाण्याचा अॅक्रिलिक रंग पार पातळ कर, एका वेळी एकच पॅनल, ब्रशने लाव आणि लगेच फडक्याने वरून खाली पूस, फटींत आणि बोल्टभोवती राहील तेवढंच राहू दे. धूळ कुठे बसते ते पाहायचं असेल तर हायवेवरच्या ट्रकचं मडगार्ड बघ, खाली दाट, वर विरळ, पाणी ओघळलेल्या रेघा. आणि वाळल्यावर मॅट क्लिअर मारायला विसरू नको. मी विसरलो, दिवाळीच्या साफसफाईत घरच्यांनी ओल्या फडक्याने घासून आठ दिवसांची मेहनत बादलीत घालवली, वर म्हणे किती घाण साचली होती.

चालवायचं असेल तर गाडीच्या वायपर मोटर स्वस्तात मस्त, पण बऱ्याच वायपर मोटरचा मायनस बॉडीलाच असतो. उलटं फिरवायला पोलॅरिटी बदललीस की मोटरची बॉडीच प्लस होते, आणि दोन्ही मोटर एकाच लोखंडी पट्टीवर बसवल्या असतील तर एक पुढे एक मागे फिरवताच शॉर्ट. मी वायर जाळलीये. प्लायवर बसव, मधे काही लोखंड येऊ देऊ नको, आणि फ्यूज टाक. विकायचा विचार असेल तर मनातून काढ, २०१२ पासून स्टार वॉर्सचे हक्क डिस्नेकडे आहेत, घरात आणि शाळेत हौस म्हणून ठीक.

तर सध्या तुझ्यापुरतं : खरवड, कडा फेव्हिकॉलने बंद कर, सरफेसर मार, काळा फुसका उडव, आणि रंगाच्या आधी त्या काळ्या ठिपक्यांचा फोटो टाक, पुट्टी कुठे लागेल ते सांगतो. आणि खरवडलेली बॉडी वाळावी म्हणून आत्ता गच्चीवर उन्हात ठेवली असशील तर हे वाचून झाल्या झाल्या आधी खाली आण, सनबोर्ड लावलेला असेल तर लाटा आल्या असतील.